कारखान्यातून येणारं घर घेताना: ॲडव्हान्सच्या आधीपासून ग्राहक आयोगापर्यंत

जून २०२२. संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत पहिला दणक्याचा पाऊस झाला, त्या रात्री आईचा फोन आला. "तुझ्या त्या पेटीत बरोबर मधोमध गळतंय. टोप ठेवलाय खाली. तू झोप, सकाळी बघू."

पेटी म्हणजे मी तिच्यासाठी घेतलेलं प्रीफॅब घर. २० बाय ८ फुटांची दोन मॉड्यूल ट्रेलरवरून आली, शेजारी शेजारी ठेवून जोडली, ३२० चौरस फूट झाले. गळत होतं ते त्या जोडावर. कंपनीला फोन केला तर उत्तर तयार होतं: "फॅक्टरीत माल ओके होता. तुमच्या गवंड्याने पेडेस्टल लेव्हलला घातलेले नाहीत, म्हणून जॉइंट उघडलाय." गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला ड्रॉइंग कुणी दिलंय? तुम्ही फोनवर मापं सांगितलीत, मी खांब उभे केले." दोघंही खरंच बोलत होते. पंचाईत तिथेच होती.

या प्रकारच्या घरांची भांडणं बहुतेक वेळा कारखाना आणि प्लॉट यांच्या मधल्या फटीत होतात. क्रेन कुणाची, पाया कुणाचा, जोड कुणाचा, वायर कुठपर्यंत कुणी ओढायची? ग्राहक संरक्षण कायदा भक्कम आहे, पण ही फट कुणाची हे कागदावर नसेल तर तुमची निम्मी शक्ती तेवढं सिद्ध करण्यातच जाते. पोर्टा केबिन, कंटेनर घर, पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलचं) फार्महाऊस किंवा लाकडी कॉटेज घ्यायचा विचार असेल, तर पुढचं क्रमाने वाचा. निम्मं काम ॲडव्हान्स देण्याआधीचं आहे.

आधी ठरवा, तुम्ही नेमकं काय विकत घेताय

कायद्याच्या नजरेत तीन वेगवेगळे व्यवहार आहेत आणि विक्रेते ते सोयीने एकमेकांत मिसळतात.

पहिला, तयार केबिन. तुम्ही बिल भरता, ट्रक येतो, माल उतरतो. ही 'वस्तू' झाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तू म्हणजे कोणतीही जंगम मालमत्ता. शिवाय १९३० चा माल विक्री कायदाही लागू होतो. त्याच्या कलम १५ नुसार माल वर्णनाप्रमाणेच हवा. कलम १६ नुसार, तुम्ही उपयोग सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल, तर तो त्या उपयोगाला लायक हवा.

दुसरा, तुमच्या जमिनीवर येऊन उभं करून देण्याचा. यात माल आहे आणि सेवाही आहे. २०१९ च्या कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी येते. घरबांधणीतली हयगय ही सेवेतली त्रुटी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्येच स्पष्ट केलं होतं.

तिसरा, प्लॉटसकट कॉटेज. 'मुळशीत पाच गुंठे आणि वर रेडीमेड व्हिला' अशी जाहिरात असेल, तर तो प्रकल्प आहे आणि बहुतेक वेळा तिथे रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा लागतो. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा युनिट आठच्या आत असतील, तर नोंदणीतून सूट आहे. बाकीच्यांना महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक हवाच. रेरात करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी विकासकाची असते. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात २०२० मध्ये सांगितलंय. मात्र नुसता मोकळा प्लॉट, कोणत्याही विकासाच्या आश्वासनाशिवाय घेतला, तर तो वाद ग्राहक आयोगात चालत नाही.

प्रीफॅब घर जंगम की स्थावर, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल टॉवर आणि त्यांच्या शेजारच्या प्रीफॅब खोल्या जंगम मालात धरल्या. भारती एअरटेल विरुद्ध पुण्याचे केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त, असं ते प्रकरण. वाद कराच्या सवलतीचा होता. न्यायालयाने पाहिलं ते हे, की वस्तू सोडवून, मूळ रूप न मोडता दुसरीकडे नेता येते का. तुमच्या केबिनचा विक्रेता हा निकाल वाचून आलेला नसतो, पण सोयीचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो: 'साहेब, हे मूव्हेबल आहे, परवानगी लागत नाही.'

परवानगीचं गोड स्वप्न

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. करासाठी जंगम ठरणं वेगळं आणि नियोजनाच्या नियमांत 'इमारत' ठरणं वेगळं. राज्याच्या बऱ्याच भागाला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही कामासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना. पत्रा असो की पफ, खाली चाकं असोत की जॅक, उत्तर बदलत नाही. शेतजमीन असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ आहेच. तिचे नियम न पाळता वापर बदलला तर दंड होतो आणि बांधकाम काढायची नोटीसही येते. महाबळेश्वर–पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आहेत, तिथे आणखी एक चाळण लागते. समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीतल्या बांधकामाचे नियम.

विक्रेत्याने 'परवानगी लागत नाही' असं छापील पत्रकात किंवा व्हॉट्सॲपवर सांगितलं असेल, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि त्याची भरपाई मागता येते. पण ग्राहक आयोग तहसीलदाराची नोटीस रद्द करणार नाही. म्हणून सातबारा, झोन दाखला आणि ग्रामपंचायतीचं म्हणणं हे केबिनच्या आधी. आमच्याकडे गावठाणातली जागा होती, म्हणून एवढं एक काम सुरळीत झालं. नंतर घरपट्टीही लागली. ग्रामसेवकाने नमुना आठमध्ये 'पत्र्याचे घर' असं लिहिलं, त्यावर आई आजही नाराज आहे.

कोटेशन वाचायचं म्हणजे काय

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक कोटेशनं दीड पानी असतात: 'एमएस स्ट्रक्चर, ५० एमएम पफ पॅनेल, स्टँडर्ड वायरिंग, आकर्षक फिनिश.' यातल्या एकाही शब्दावर पुढे भांडता येत नाही. दोष म्हणजे करारात किंवा कायद्यात ठरलेल्या दर्जात, प्रमाणात किंवा शुद्धतेत आलेली उणीव. दर्जाच लिहिला नसेल तर उणीव कशाशी ताडून दाखवणार? माल विक्री कायदा थोडा आधार देतो, पण तिथे प्रत्येक गोष्ट नव्याने सिद्ध करावी लागते.

म्हणून हे लिहून घ्या. सांगाड्याची स्क्वेअर ट्यूब किती बाय किती आणि किती मिलिमीटर जाडीची? स्टील कोणत्या मानकाचं? पॅनेलच्या पत्र्याची जाडी रंगासकट की रंगाशिवाय? मिलिमीटरच्या दशांशांच्या या खेळात अर्धा नफा असतो. 'पॉइंट फाइव्ह' सांगून पॉइंट पस्तीसचा पत्रा येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एक डिजिटल कॅलिपर घ्या, कारखान्यात कापलेल्या तुकड्यावर लावून बघा. मध्ये पफ आहे की थर्माकोल, हेही लिहून घ्या. कापलेल्या कडेवर नख लावून बघा: थर्माकोलचे पांढरे मणी सुटतात, पफ पिवळसर, एकसंध असतो. आगीत थर्माकोल लवकर वितळतो आणि पेटतो. 'फायर रेटेड' असं कुणी म्हटलं तर कोणतं मानक आणि कोणत्या चाचणीचा अहवाल, तेही लिहा.

कोकण किनाऱ्यावर किंवा सड्यावर घर असेल तर वाऱ्याचा वेग हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये ठिकाणानुसार वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर. म्हणजे पुण्याच्या साइटसाठी काढलेलं डिझाइन मुंबईच्या किनारपट्टीला तसंच्या तसं चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या बाजूला ज्यांनी छपरं उडालेली पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोटेशनमध्ये एक ओळ मागा: 'सदर रचना अमुक ठिकाणच्या वाऱ्याच्या वेगासाठी आयएस ८७५ नुसार डिझाइन केली असून पायाला अँकर बोल्टने बांधली जाईल.' त्याखाली स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी. विक्रेत्याने या ओळीला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.

अमेरिकेत या घरांना मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात आणि तिथे १९७४ च्या कायद्याने १५ जून १९७६ पासून देशभर एकच केंद्रीय मानक लागू आहे. प्रत्येक भागाच्या बाहेर लाल रंगाची धातूची पट्टी लावलेली असते. ती असेल तर तो भाग त्या मानकावर उतरल्याचं निर्मात्याने प्रमाणित केलेलं आहे, असा अर्थ. न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाला मी आमचं कोटेशन पाठवलं तेव्हा त्याने पहिलं विचारलं, 'पट्टी कुठाय?' आपल्याकडे अशी पट्टी नाही. तुमचं कोटेशन हीच तुमची पट्टी, एवढं धरून चाला.

जुन्या शिपिंग कंटेनरचं घर असेल तर आणखी दोन गोष्टी. दारावर सेफ्टी प्लेट असते, तिच्यावर तयार झाल्याची तारीख असते, तिचा फोटो घ्या. आणि लाकडी जमिनीवर कीटकनाशकाची प्रक्रिया झालेली असू शकते, ती काढणार की वरून फक्त व्हिनाइल चिकटवणार, हे विचारा. रुंदीही आधी मोजा. बाहेरून आठ फूट, दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि बोर्ड लागल्यावर आत सात फुटांच्या आसपास उरतं. डबल बेड ठेवला की बाजूने आडवं होऊनच जायचं.

आता ती फट. करारात स्वतंत्र परिच्छेद घाला: पायाचं ड्रॉइंग कोण देणार, पाया कोण करणार, केल्यानंतर लेव्हल तपासून 'ठीक आहे' अशी सही कोण देणार, ट्रेलर पोचत नसेल तर लहान गाडीत माल बदलायचा खर्च कुणाचा, हायड्रा क्रेन कुणी आणायची, मॉड्यूलच्या जोडाला फ्लॅशिंग (जोड झाकणारी पत्र्याची पट्टी) आणि सीलंट कुणी लावायचं, सेप्टिक टँक आणि विजेचं कनेक्शन कुठपर्यंत. बऱ्याच कोटेशनांच्या तळाशी बारीक अक्षरांत 'एक्स-फॅक्टरी, अनलोडिंग पार्टीचे' असतं. याचा अर्थ गाडी फाटकाबाहेर पडली की जोखीम तुमची. हे खोडून 'साइटवर उभारून, जोडून, चालू करून' असं लिहून घ्या. यामुळे किंमत थोडी वाढली तरी वाढू द्या. आमच्या प्रकरणात एक ओळ असती, 'पाया कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे, तपासणी कंपनीची', तर चार महिने वाचले असते.

ऑर्डर कुणाच्या नावाने आणि कशासाठी

हा भाग लोक सरळ विसरतात. 'ग्राहक' म्हणजे स्वतःच्या वापरासाठी घेणारा. व्यापारी हेतूने घेतलं तर या कायद्याचं छत्र नाही. अपवाद एकच: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलं असेल तर. गुहागरला दोन केबिन टाकून स्वतः होमस्टे चालवणारी बाई ग्राहक ठरू शकते. वीस केबिनचं रिसॉर्ट करणारी कंपनी नाही. सर्वोच्च न्यायालय अशा वेळी खरेदीचा मुख्य हेतू पाहतं. लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते, तो व्यवहार २०१९ मध्ये व्यापारी नाही असं ठरलं.

सापळा जीएसटीत आहे. अकाउंटंट सांगतो, 'फर्मच्या नावाने बिल घ्या, क्रेडिट मिळेल.' प्रीफॅब इमारतींवर एचएसएन (जीएसटीतला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) ९४०६ खाली १८ टक्के कर लागतो, त्यामुळे मोह मोठा. पण राहण्यासाठी घेतलेलं घर फर्मच्या नावावर आलं की समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो.

आई-वडिलांसाठी मुलाने पैसे भरले तरी चालतं. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. मुलगा परदेशात असेल तर ऑर्डर सरळ गावातल्या माणसाच्या नावाने करा, म्हणजे तक्रार त्याच जिल्ह्यात देता येते आणि हजेरीसाठी कुणी विमानाने यायला नको.

समोरचाही तपासा. बिल देणारी कंपनी, जाहिरात करणारा ब्रँड आणि पैसे घेणारं खातं, ही तीन नावं बऱ्याचदा वेगवेगळी असतात. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा. डीलरकडून घेत असाल तर निर्मात्याचं नाव बिलावर यायलाच हवं.

पैसे

प्रचलित पद्धत अशी, की ५० टक्के ऑर्डरबरोबर आणि उरलेले गाडी निघण्याआधी. म्हणजे घर तुमच्या दारात येण्याआधी तुमच्या हातातलं शेवटचं अस्त्र गेलेलं असतं. मी मित्रांना सांगतो ती विभागणी अशी: १० टक्के बुकिंगला, ३० सांगाडा उभा राहिल्यावर, ३५ कारखान्यात तपासणी झाल्यावर, १५ उभारणीनंतर पाण्याची चाचणी झाली की, आणि १० पहिल्या पावसानंतर. शेवटच्या १० टक्क्यांना कुणी सहज तयार होत नाही. ५ वर तडजोड करा, पण शून्यावर नको. सगळं बँकेतून द्या. अर्धी रक्कम रोख दिली तर आयोगासमोर ती सिद्ध करणं तुमच्यावरच येतं. बिल न देणं ही कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे 'बिल नको, १८ टक्के वाचवू' म्हणणाऱ्याला हात जोडा.

वॉरंटी मागताना 'दहा वर्षं गॅरंटी' एवढ्यावर खूश होऊ नका. दहा वर्षं कशाची? सहसा सांगाड्याची. गळती, रंग, दरवाजे, वायरिंग यांना सहा महिने किंवा काहीच नाही. 'छताला इतर कुणी भोक पाडल्यास वॉरंटी रद्द' ही अट असेल तर सोलर बसवण्याआधी कंपनीचं लेखी उत्तर घ्या.

'सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' किंवा 'वाद लवादाकडे' अशी ओळ पाहून हिरमुसू नका. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार देता येते. लवादाची अट असली तरी आयोगाचा दरवाजा उघडा राहतो, हे एमार एमजीएफच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठरलंय.

कारखाना आणि उतरवण्याचा दिवस

माल निघण्याआधी एकदा कारखान्यात जा. शनिवार मोडला तर मोडू द्या. पत्रे लागण्याआधी वेल्डिंग आणि प्रायमर बघा, नंतर ते दिसत नाहीत. छतावर पाइपने अर्धा तास पाणी सोडायला सांगा. टेप, कॅलिपर आणि कोटेशनची छापील प्रत बरोबर ठेवा, प्रत्येक ओळीसमोर खूण करा आणि त्यावर कारखान्याच्या माणसाची सही घ्या.

उतरवताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. डिलिव्हरी चलनावर सही मागतात तेव्हा 'माल सुस्थितीत मिळाला' हे आधीच छापलेलं असतं. त्याखाली हाताने लिहा: 'पाणी चाचणी व विद्युत चाचणी बाकी, तपासणीच्या अधीन.' ड्रायव्हर कुरकुर करतो, पण शेवटी घेतो.

गळायला लागलं तर

लगेच कुणाला तरी बोलावून सिलिकॉन मारून घेऊ नका. मी तीच चूक केली. दोन ट्यूब संपल्या, गळती थांबली नाही आणि कंपनीला म्हणायला मिळालं, 'तुम्हीच छेडछाड केलीत.' आधी तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ. मग ईमेल, म्हणजे वेळ आणि मजकूर दोन्ही राहतात. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी 'आज आपल्या बोलण्यात असं ठरलं' एवढा एक ईमेल टाका. कंपनीने दुर्लक्ष केलं तर शासकीय तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागातल्या कुणाकडून, नाहीतर खाजगी चार्टर्ड इंजिनिअरकडून लेखी पाहणी अहवाल घ्या. त्यात कारण लिहिलेलं हवं: 'दोन मॉड्यूलमधील फ्लॅशिंगचा ओव्हरलॅप अपुरा' हे उपयोगाचं, 'गळती आढळली' हे नाही.

त्यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण समोरच्याच्या फाइलमध्ये तुमचं म्हणणं एकदा नीट जाऊन बसतं. दोष, मागणी आणि मुदत, बस. बिलात मुदत नसेल तर सदोष माल परत न घेणं आणि ३० दिवसांत पैसे न देणं हीही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे नोटिशीत लिहा.

बरोबरीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवते आणि तिचा क्रमांक पुढे कामाला येतो. शहरात असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचं मार्गदर्शनही घ्या. १९७५ पासून हे काम करणारी माणसं कागद बघून पाच मिनिटांत कमजोर जागा दाखवतात.

आयोगात

घराची भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. इथे भरपाईची मागणी धरत नाहीत, तुम्ही दिलेला मोबदला धरतात. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १०००. मुदत दोन वर्षांची. ती दोष उघड झाल्यापासून की माल मिळाल्यापासून, यावर वाद होतात, म्हणून आधीची तारीख धरून चाला. कंपनी 'बघतो, करतो' म्हणत असताना घड्याळ थांबत नाही.

तक्रार ऑनलाइन भरता येते, पूर्वी ई-दाखिलवर, आता ई-जागृती पोर्टलवर. वकील सक्तीचा नाही, मराठीतून लिहा. तारखांची यादी, कोटेशन, बिल, बँकेचे पुरावे, ईमेल, फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि शपथपत्र जोडा. मोबाइलमधल्या पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लावलं की एक आक्षेप कमी होतो. निर्माता आणि डीलर, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला सोडलं की दुसरा त्याच्याकडे बोट दाखवतो.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. या ४५ दिवसांपलीकडे आयोगही मुदत देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. तक्रार तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाली निघावी, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला. दरम्यान मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारू नका. गळकं छत असलेल्या माणसाला निकालापेक्षा फ्लॅशिंग आधी हवं असतं.

मागणी नेमकी करा: दोष काढून द्या, नाहीतर माल बदला, नाहीतर व्याजासह पैसे परत, शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च. 'उत्पादन दायित्व' हा नवा भाग ऐकायला आकर्षक आहे, पण त्यात उत्पादनाचं स्वतःचं नुकसान येत नाही. छत गळलं तर ती दोषाची तक्रार. छताचा तुकडा पडून माणसाला इजा झाली तर उत्पादन दायित्वाची. कराराच्या अटीच अन्यायकारक असतील, म्हणजे तुम्ही उशीर केला तर सगळा ॲडव्हान्स जप्त आणि त्यांनी केला तर काही नाही अशा, तर त्या रद्द करून घेण्याची तक्रार जिल्ह्यात चालत नाही, ती राज्य आयोगाकडे.

निकाल लागला आणि पैसे आले नाहीत तर कलम ७१ खाली जप्तीची आणि कलम ७२ खाली दंडाची कारवाई मागता येते. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड किंवा दोन्ही आहेत. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस मिळतात आणि कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

आमचं प्रकरण इथवर गेलं नाही. नोटीस, हेल्पलाइनचा क्रमांक आणि इंजिनिअरचा अहवाल तिन्ही एका पाकिटात गेल्यावर ऑक्टोबरात कंपनीचा फिटर नवीन फ्लॅशिंग घेऊन आला. दोन तासांत काम केलं, खाली उतरून हात पुसले आणि कामपूर्तीचा कागद पुढे केला. आईने तो घेतला नाही. पाटाच्या पाण्याची पाइप त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी वर जाऊन सोड, मी आत बसते. टोप कोरडा राहिला तर सही करीन, आणि चहा पण देईन."